पहिल्या प्रकरणाचा प्रश्न : वेंडेल स्कॉट आणि ज्युनिअर जॉन्सन

खेळाडूंच्या चरित्रातील पहिले प्रकरण बहुधा सर्वांत शेवटी लिहिले जाते, अशी आमची जुनी शंका आहे. छापताना ते आरंभी येते, एवढेच. नायक कोठवर पोहोचला आणि जगाने त्याला कोणत्या नावाने ओळखले हे ठरल्यानंतर चरित्रकार त्याच्या बालपणाकडे वळतो, आणि पुढच्या कीर्तीला शोभतील तेवढ्याच गोष्टी तेथून वेचून आणतो. फलंदाज असेल तर गल्लीतला चेंडू, धावपटू असेल तर शाळेपर्यंतची पायपीट. चरित्र हा वाङ्मयप्रकार वर्गात चालू असला की 'जडणघडण' हा शब्द विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतून मुक्तहस्ते वावरत असतो. पण कोणी घडवले आणि, मुख्य म्हणजे, हेच घडवणारे होते असे कोणी आणि केव्हा ठरवले, हा प्रश्न क्वचितच कोणाला पडतो.

हा प्रश्न अमूर्तपणे चर्चिण्यापेक्षा दोन माणसांच्या आयुष्यावरून मांडावा असे आम्हांस वाटते. दोघेही अमेरिकेतील मोटारशर्यतींचे चालक. दोघेही दक्षिणेकडचे, एकमेकांना लागून असलेल्या दोन राज्यांतले. आणि दोघांचीही वाहनविद्येची शाळा एकच, ती म्हणजे हातभट्टीच्या दारूची रात्रीची वाहतूक. एकाच्या बाबतीत ही शाळा लोककथा झाली. दुसऱ्याच्या बाबतीत ती पोलिसांच्या दप्तरातली नोंद होऊन राहिली, आणि तीच नोंद पुढे एका विचित्र वळणावर त्याच्या कारकीर्दीचा दरवाजा ठरली. पहिला ज्युनिअर जॉन्सन, दुसरा वेंडेल स्कॉट. जॉन्सन गोरा होता आणि स्कॉट काळा, हे सांगितल्यावर लेख संपला असे काही वाचकांना वाटेल. तसे ते नाही.

हातभट्टी म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावण्याची गरज नाही. तेथील संदर्भ मात्र थोडा सांगायला हवा. व्हिस्कीवर केंद्र सरकारचा कर बसला तो १७९१ साली. तेव्हापासून डोंगराळ भागातील शेतकरी आणि आबकारी खाते यांचे वैर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. मक्याचे पोते बाजारात नेण्यापेक्षा त्याची दारू करून नेणे परवडे. १९२० ते १९३३ ही दारूबंदीची वर्षे सरली तरी धंदा सरला नाही, कारण कर शिल्लक होता आणि दक्षिणेतील अनेक परगण्यांत स्थानिक बंदीही होती. या धंद्यातला निर्णायक दुवा म्हणजे वाहतूकदार. बाहेरून अगदी साधी दिसणारी मोटार, आत दमदार इंजिन, मागच्या बाजूला कडक स्प्रिंगा, म्हणजे काचेच्या बरण्यांनी डिकी भरली तरी गाडी मागे दबलेली दिसू नये. रात्री प्रसंगी दिवे मालवून, घाटातल्या कच्च्या रस्त्याने, मागे पोलीस असताना ती चालवायची. हे करणारी मुले रविवारी आपसांत शर्यती लावू लागली. स्टॉक कार शर्यतींचा, म्हणजे कारखान्यातून येते तशीच दिसणाऱ्या मोटारींच्या शर्यतींचा, एकमेव उगम हा नव्हे. पण दक्षिणेत त्या रुजल्या त्या मातीत हा अंश मोठा आहे. या शर्यतींचे नियमन करणारी नॅसकार ही संस्था बिल फ्रान्स याच्या पुढाकाराने १९४८ साली फ्लॉरिडातील डेटोना बीच येथे स्थापन झाली.

जॉन्सनचा जन्म १९३१ सालचा, नॉर्थ कॅरोलायनातील विल्क्स परगण्यातला. बाप हातभट्टीवाला, त्याच्या आयुष्यातील बरीच वर्षे तुरुंगात गेली. १९३५ साली घरावर धाड पडली तेव्हा घरात दारूचा प्रचंड साठा मिळाला. मुलगा वाहतूक करू लागला, शर्यतींत उतरला, १९५५च्या हंगामात ५ शर्यती जिंकला, आणि १९५६ साली वडिलांच्या भट्टीवर पकडला जाऊन ११ महिने ओहायोतील तुरुंगात राहून आला. रस्त्यावर मात्र तो कधीच सापडला नाही. तुरुंगातून सुटल्यावर पुन्हा शर्यती. १९६०ची डेटोना ५००. एकूण ५० विजय.

साहित्याच्या वाचकाला जॉन्सन ठाऊक असतो तो या विजयांमुळे नव्हे, तर टॉम वुल्फमुळे. मार्च १९६५च्या 'एस्क्वायर' मासिकात वुल्फने जॉन्सनवर एक दीर्घ लेख लिहिला. त्याच्या शीर्षकातच जॉन्सनला शेवटचा अमेरिकन नायक म्हटलेले आहे आणि त्यापुढे एक उद्गारवाचक 'होय' जोडलेले आहे. ज्याला पुढे नवपत्रकारिता म्हटले गेले तिच्या आरंभीच्या आणि फार यशस्वी नमुन्यांत या लेखाची गणना होते. शर्यतीच्या रविवारी रस्त्यावर लागलेली मोटारींची रांग, डोंगरातल्या माणसांची बोली, आबकारीवाल्यांनी रस्ता अडवला असता आपल्याच गाडीवर पोलिसी दिवा आणि भोंगा चढवून निसटणारा तरुण, ही सगळी सामग्री वुल्फ कथाकाराच्या हाताने मांडतो. लेख उत्तमच आहे, आणि आम्ही तो विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला सांगतो. वार्तांकनात निवेदकाचा आवाज कसा बदलता ठेवावा, हे शिकण्यासारखे आहे.

पण वुल्फचा नायक शर्यती जिंकतो म्हणून नायक नाही. शर्यती जिंकणारे तेव्हाही पुष्कळ होते. तो नायक आहे तो त्याच्या पूर्वायुष्यामुळे: सरकारी कराला न जुमानणारी डोंगरी जमात, तिचा अभिमान, तिचा धीटपणा, आणि हे सगळे एका तरुणाच्या हातातील सुकाणूत उतरलेले. बेकायदा वाहतूक येथे गुन्हा राहत नाही; ती वारसा होते. पुढे १९७३ साली या लेखावरून चित्रपट निघाला, त्यात जेफ ब्रिजेस होता. १९८६च्या डिसेंबरात अध्यक्ष रेगन यांनी जॉन्सनला त्या जुन्या गुन्ह्याबद्दल माफी दिली. शासनाने वाङ्मयाच्या निकालावर शिक्कामोर्तब करावे, असे प्रसंग फार नसतात.

आता स्कॉटकडे वळू.

वेंडेल स्कॉटचा जन्म २९ ऑगस्ट १९२१ रोजी व्हर्जिनियातील डॅनव्हिल येथे झाला. डॅनव्हिल हे नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेला टेकलेले गाव. १८६५च्या एप्रिलात, यादवी युद्धाच्या शेवटच्या दिवसांत, गुलामगिरीच्या बाजूने लढणाऱ्या दक्षिणी राज्यांच्या सरकारने रिचमंड सोडून आठवडाभर जेथे आश्रय घेतला ते हे गाव. त्या राज्यसंघाची शेवटची राजधानी म्हणून ते ओळखले जाते. स्कॉटच्या लहानपणी गावाचे पोट चाले ते कापडगिरण्या आणि तंबाखूच्या कारखान्यांवर. वडील दोन सधन गोऱ्या घरांकडे मोटारचालक आणि मिस्त्री म्हणून कामाला होते. इंजिन उघडणे, जोडणे हे मुलगा त्यांच्याजवळच शिकला. त्याच्याजवळ सायकल होती आणि तो गोऱ्या मुलांशी सायकलच्या शर्यती लावी. गिरणीत आणि तंबाखूच्या कारखान्यात मुकादमाच्या हाताखाली राबायचे नाही हे त्याने लवकर ठरवले, असे त्याचा चरित्रकार ब्रायन डोनोव्हन सांगतो. डोनोव्हनचे 'हार्ड ड्रायव्हिंग' हे चरित्र २००८ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे नायकाच्या मृत्यूनंतर १८ वर्षांनी.

हे 'ठरवले' आम्हांस महत्त्वाचे वाटते. नेहमीच्या क्रीडाचरित्रात मुलाने लहानपणी काहीतरी होण्याचे ठरवलेले असते. स्कॉटने काय व्हायचे नाही एवढेच ठरवले होते. शाळा अर्धवट सुटली, तो टॅक्सी चालवू लागला, १९४३ साली मेरी कोल्स हिच्याशी लग्न झाले, महायुद्धात युरोपात मिस्त्री म्हणून सैन्यात राहिला. त्या सैन्यात काळ्या आणि गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या वेगळ्या असत. परतल्यावर गॅरेज टाकले. घर वाढत होते, गॅरेजात भागेना, तेव्हा रात्री दारूच्या बरण्या पोहोचवण्याचे काम. पोलिसांनी त्याचा पाठलाग पुष्कळदा केला. पकडला तो एकदाच, १९४९ साली. तीन वर्षांच्या प्रोबेशनवर सुटका झाली. वाहतूक त्यानंतरही चालू राहिली.

येथपर्यंत दोघांच्या कहाण्या शेजारी ठेवल्या तर कौशल्यात डावे-उजवे करता येणार नाही. किंबहुना वुल्फला हवी असलेली सामग्री डॅनव्हिलमध्येही तितकीच होती. वुल्फ स्वतः व्हर्जिनियाचा, रिचमंडचा. ज्या राज्यात तो वाढला त्याच राज्यात, त्याच काळात, तीच कला त्याच रस्त्यांवर चालू होती. पण तिच्यामागे 'जमात' नव्हती. एका काळ्या मिस्त्रीने पोट भरण्यासाठी कायदा मोडला तर त्याला करविरोधाची परंपरा कोण चिकटवणार? परंपरा ही सुद्धा एक मालमत्ता आहे, आणि तिचे सातबारे सर्वांच्या नावावर नसतात.

स्कॉट शर्यती पाहायला जाई तो डॅनव्हिलच्या मैदानावर, काळ्यांसाठी राखून ठेवलेल्या बाकांवर बसून. १९५२ साली तेथे एक घटना घडली. आमच्या मते या आयुष्यातील सर्वांत बोलका प्रसंग तोच आहे. शर्यती भरवणाऱ्या स्थानिक मंडळींना गर्दी ओढायला काही नवे हवे होते. एखादा काळा चालक उतरवावा, म्हणजे तमाशा पाहायला लोक येतील, अशी कल्पना निघाली. पण असा चालक शोधायचा कोठे? त्यांनी पोलिसांना विचारले: गावात सर्वांत वेगवान काळा चालक कोण? पोलिसांनी क्षणाचाही विचार न करता नाव सांगितले असणार, कारण त्या गाडीचे मागचे दिवे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणी पाहिले नव्हते.

या प्रसंगावर चित्रपटवाल्यांनी हशा मिळवला. १९७७ साली मायकेल शुल्ट्झने स्कॉटवर 'ग्रीज्ड लाइटनिंग' हा चित्रपट काढला आणि मुख्य भूमिका दिली रिचर्ड प्रायरला, म्हणजे त्या काळातील अव्वल विनोदी नटाला. प्रायर हा मोठा कलावंत, त्याबद्दल वाद नाही. परंतु जॉन्सनच्या वाट्याला 'नायक' आणि स्कॉटच्या वाट्याला विनोदी अंगाची कथा, ही वाटणी आपोआप झाली असे मानायला आम्ही तयार नाही. पोलिसांनी शिफारस केली, हे हसण्यासारखे आहे खरेच. पण जरा थांबून पाहिले तर त्यात दुसरेही दिसते. त्या गावात स्कॉटच्या कौशल्याची लेखी अथवा तोंडी नोंद ठेवणारी दुसरी कोणतीही संस्था नव्हती. वर्तमानपत्र नाही, क्लब नाही, शाळा नाही. त्याला ओळखणारी एकच संस्था होती आणि ती त्याला पकडण्यासाठी नेमलेली होती.

२३ मे १९५२ रोजी स्कॉट पहिल्यांदा शर्यतीत उतरला. वय ३०. प्रेक्षकांतून हुर्यो झाली, गाडी मध्येच बिघडली. दुसऱ्याच दिवशी तो आपली गाडी ओढत विन्स्टन-सेलमला नॅसकारच्या शर्यतीला घेऊन गेला. तेथील अधिकाऱ्यांनी काळ्या चालकाला उतरू दिले नाही. काही दिवसांनी हाय पॉइंट येथे त्याला सांगण्यात आले की गाडी हवी तर एखाद्या गोऱ्या मुलाकडून चालवून घे. गाडी चालेल, चालक चालणार नाही! तो गाडी घेऊन परत आला आणि नॅसकारचा नाद तात्पुरता सोडून इतर छोट्या मंडळांच्या शर्यतींकडे वळला. पहिल्या शर्यतीनंतर १२ दिवसांच्या आत लिंचबर्ग येथे एक लहानशी शर्यत त्याने जिंकली. मग आठवड्याला चार-चार, पाच-पाच शर्यती. शिव्या, मुद्दाम मारलेल्या धडका, आणि सावकाश, कुरकुरत मिळालेली इतर चालकांची मान्यता. पुढे रिचमंड येथे नॅसकारच्या एका स्थानिक अधिकाऱ्याने, वरिष्ठांना न विचारता, त्याला परवाना देऊन टाकला. संस्थेच्या इतिहासात ज्याला आता मोठा क्षण म्हणतात तो अशा रीतीने एका कनिष्ठ माणसाच्या टेबलावर उरकला गेला. १९५४ साली स्कॉटची बिल फ्रान्सशी गाठ पडली. फ्रान्सने भेदभाव होणार नाही असे आश्वासन दिले. ते किती पाळले गेले ते पुढे दिसेलच.

१९५९ साली स्कॉटने रिचमंडच्या साउथसाइड स्पीडवेचे आणि व्हर्जिनिया राज्याचे, अशी स्पोर्ट्समन वर्गातील दोन अजिंक्यपदे मिळवली. ४ मार्च १९६१ रोजी स्पार्टनबर्ग येथे तो सर्वोच्च वर्गाच्या, म्हणजे त्या वेळच्या ग्रँड नॅशनल मालिकेच्या, शर्यतीत उतरला. तेव्हा तो ३९ वर्षांचा होता. अनेक चालक या वयात निवृत्तीची भाषा करू लागतात.

या काळातील त्याच्या कामाचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे, कारण विजयांच्या यादीत ते उमटत नाही. गोऱ्या आघाडीच्या चालकांमागे मोटारकंपन्यांचे कारखाने असत, प्रायोजक असत. जॉन्सनच्या १९६३च्या गाडीवर एका कुक्कुटपालन कंपनीचे नाव होते. स्कॉटच्या गाडीला कधीच मोठा प्रायोजक मिळाला नाही. गाडी दुसऱ्याने वापरून सोडलेली, इंजिन स्वतः जोडलेले, टायर पुष्कळदा दुसऱ्यांनी टाकून दिलेले. मुलगे वेंडेल आणि फ्रँक हेच त्याचे मदतनीस. सात मुलांचे ते घर म्हणजेच त्याचा संघ. शर्यतीत इंजिन शेवटपर्यंत पिळून काढणे ही चैन होती. ते फुटले तर पुढच्या आठवड्याची शर्यत गेली, म्हणजे त्या आठवड्याचे बक्षीस गेले. तेव्हा जिंकण्यासाठी नव्हे, तर शेवटच्या फेरीपर्यंत टिकण्यासाठी गाडी चालवायची, आणि तरीही शक्य तितके पुढे राहायचे. वेगाच्या खेळात काटकसर हे कौशल्य आहे, असे म्हटले तर कोणाला पटणार? पण ते आहे. दक्षिणेतील काही मैदाने त्याला दारातच अडवीत. डार्लिंग्टनने त्याला कित्येक वर्षे प्रवेश दिला नाही. म्हणजे मालिकेच्या एकूण गुणांत जो मागे पडला तो काही शर्यती हरून नव्हे, तर त्या खेळायलाच न मिळाल्याने.

१ डिसेंबर १९६३, जॅक्सनव्हिल, फ्लॉरिडा. अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक, २०० फेऱ्या. अखेरच्या २५ फेऱ्या उरल्या असताना स्कॉटने रिचर्ड पेटीला मागे टाकले. २०० फेऱ्या झाल्या, झेंडा पडला नाही. त्याने आणखी दोन फेऱ्या मारल्या. झेंडा पडला तो बक बेकरसाठी. बेकरला चषक, बेकरचे छायाचित्र, विजेत्याच्या चौथऱ्यावर बेकर. स्कॉटने हरकत घेतली. काही तासांनी, प्रेक्षक घरी गेल्यानंतर, फेऱ्यांची मोजणी चुकली होती आणि स्कॉट दोन फेऱ्यांनी पुढे होता, असे अधिकाऱ्यांनी मान्य केले. बक्षिसाची रक्कम मिळाली. चषक बेकरबरोबर निघून गेला होता. त्या चौथऱ्यावर विजेत्याचे चुंबन घ्यायला गोरी सौंदर्यवती उभी असे, आणि मोजणीतील 'चुकी'चे खरे कारण तेच, असे स्कॉटचे मत होते. त्याच वर्षीच्या १० जूनला त्याच्याच डॅनव्हिलमध्ये नागरी हक्कांसाठी निदर्शने करणाऱ्या काळ्या स्त्रीपुरुषांना पोलिसांनी बेदम मारले होते, एवढे लक्षात घेतले तर हे मत अतिशयोक्त वाटणार नाही.

या प्रसंगाचा महिमा आम्ही नाकारत नाही. परंतु स्कॉटविषयी आज जे काही लिहिले जाते ते जवळजवळ सगळे या एका दुपारी गोळा होते. 'नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेत जिंकलेला पहिला कृष्णवर्णीय चालक' हे वाक्य त्याच्या नावाला विशेषणासारखे चिकटले आहे. २०२१च्या ४ ऑक्टोबरला बबा वॉलेस टॅलाडेगाला जिंकला तेव्हा ते पुन्हा सर्वत्र उच्चारले गेले. दोघांमध्ये जवळजवळ ५८ वर्षे गेली, हे त्यातले खरे धक्कादायक, पण त्यावर थांबायला कोणाला वेळ नव्हता. 'पहिला' हा शब्द आम्हांस दिवसेंदिवस संशयास्पद वाटू लागला आहे. तो मान देतो आणि त्याच वेळी माणसाला दाराच्या उंबरठ्यावर उभा करून ठेवतो. दार उघडले, एवढेच त्याचे काम. आत जाऊन त्याने काय केले, याची चौकशी पुढे होत नाही. शिवाय ज्यांनी दार बंद ठेवले होते त्यांनाही या शब्दाचा लाभ होतो. पहिला आला, म्हणजे आता दार उघडे आहे!

येथे एक रास्त आक्षेप येईल. जॉन्सनचे विजय ५०, स्कॉटचा १. मग एकाची आख्यायिका झाली आणि दुसऱ्याची झाली नाही, यात नवल ते काय? उत्तर आम्ही वर अर्धेअधिक दिलेच आहे. वुल्फच्या लेखातील नायकत्व विजयसंख्येवर उभे नाही, पूर्वायुष्यावर उभे आहे. आणि पूर्वायुष्याच्या बाबतीत दोघांची तुलना बरोबरीची आहे. राहिली विजयसंख्या. कारखान्याच्या गाडीचे ५० विजय आणि टाकाऊ टायरांचा १ विजय यांची वजाबाकी करून जे उत्तर येते ते कोणत्या गोष्टीचे मोजमाप आहे? जॉन्सनला कमी लेखण्याचा हेतू यात नाही. तोही गरिबीतून आला, तुरुंगात राहिला, आणि गाडी चालवणे बंद केल्यावर संघमालक म्हणून सहा अजिंक्यपदे मिळवण्याइतका बुद्धिमान होता. आमचा वाद त्याच्याशी नाही, त्याच्या पहिल्या प्रकरणाच्या लेखकाशी आहे. खरे तर त्या लेखकाच्या नजरेत न मावलेल्या भागाशी.

मराठीच्या वाचकाला या जागी एक फायदा आहे. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले आणि त्यानंतरच्या दलित आत्मकथनांनी बालपण वाचण्याची आमची रीतच बदलून टाकली. ते बालपण पुढच्या कीर्तीची पायरी म्हणून मांडलेले नव्हते. ते स्वतःच एक पुरावा होते. दलित पँथरने १९७२ साली आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर चळवळीवरून घेतले, तेव्हा हा पूल निदान नावापुरता तरी बांधला गेलेला आहे. त्या वाचनाची सवय घेऊन स्कॉटकडे पाहिले तर त्याच्या जीवनातील १९६३ हे साल शिखर म्हणून दिसत नाही.

मग काय दिसते? आकडेच पाहू. सर्वोच्च मालिकेत ४९५ शर्यती. पहिल्या पाचांत २० वेळा, पहिल्या दहांत १४७ वेळा. १९६६च्या हंगामात एकूण गुणांत सहावा क्रमांक. १९६७ साली दहावा, १९६८ आणि १९६९ साली नववा. चाळिशीच्या मध्यावर असलेला, स्वतःची गाडी स्वतः दुरुस्त करणारा माणूस सलग चार वर्षे देशातील पहिल्या दहा चालकांत बसतो. जॅक्सनव्हिलची दुपार घडली नसती तरी ही कारकीर्द तेवढीच राहिली असती. उलट ती दुपार घडल्यामुळे हे १४७ आकड्यांचे काम तिच्या सावलीत गेले. क्रीडापत्रकारितेला तिचा दोष देता येणार नाही, तिला मथळा हवा असतो. पण चरित्रकाराला आणि समीक्षकाला मथळ्याची सक्ती कोणी केली? कवीच्या एका गाजलेल्या कवितेवरून त्याचे सगळे संग्रह वाचल्याचे समाधान मानणाऱ्या आमच्या पाठ्यपुस्तकमंडळांना हा रोग अपरिचित नाही. असो.

नॅसकारच्या कीर्तिमंदिरात जॉन्सन २०१० साली, पहिल्याच पाच जणांत गेला. स्कॉट २०१५ साली गेला. जॅक्सनव्हिलच्या विजयाचा चषक नॅसकारने स्कॉटच्या कुटुंबाला दिला तो २८ ऑगस्ट २०२१ रोजी, डेटोनाला, त्याच्या शंभराव्या जन्मदिनाच्या आदल्या दिवशी. समारंभ हृद्य झाला. मुलगे, ज्यांनी एके काळी ट्रॅकच्या कडेला चाके बदलली होती, आता स्वतः वृद्ध होते.

स्कॉटच्या कारकीर्दीचा शेवट मात्र १९७३चा. त्या वर्षीच्या मे महिन्यात टॅलाडेगाच्या शर्यतीत वीसहून अधिक मोटारी एकमेकींवर आदळल्या; त्यात तो जबर जखमी झाला. इतर कोणी असता तर तेथेच थांबता. ऑक्टोबरात तो शार्लटच्या शर्यतीत पुन्हा एकदा उतरला, बारावा आला आणि मग थांबला. वय ५२. त्यानंतर डॅनव्हिलमध्ये पुन्हा गॅरेज, पुन्हा लोकांच्या गाड्यांची दुरुस्ती. २३ डिसेंबर १९९० रोजी कर्करोगाने त्याचे निधन झाले. व्हर्जिनिया राज्याने २०१३ साली त्याच्या स्मृत्यर्थ डॅनव्हिलला रस्त्याच्या कडेला जो ऐतिहासिक फलक मंजूर केला, त्यात पहिल्या पाचांतील २० आणि पहिल्या दहांतील १४७ शर्यतींचा उल्लेख आहे. फलक लिहिणाऱ्या कारकुनाला, कोणास ठाऊक कशी, चरित्रकारांपेक्षा बरी दृष्टी लाभली होती.